५जीसारखी आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड नेमकं कोण ठरवतं, देश की कंपन्या? भारताचं तिथे कोणी ऐकतं का?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की तुम्ही ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनीअरिंगच्या) शेवटच्या वर्षाला आहात, तुमचे सर म्हणतात हे सगळं जिनिव्हात युनोची संस्था ठरवते, मित्र म्हणतो चिनी कंपन्या ठरवतात, आणि तुम्हाला यात करिअर करायचंय. सर आणि मित्र दोघंही लांबून बघून बोलतायत. मी या मिटिंगांच्या हॉलमध्ये बसलोय, भांडलोय, आणि तिथल्या एका प्रकरणाचा राग अजून गेलेला नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

जिनिव्हाची संस्था म्हणजे आयटीयू. १८६५ साली पॅरिसमध्ये तारयंत्रासाठी जन्मली, आता युनोचा भाग. तिथे देश सदस्य असतात. तिच्या रेडिओ विभागाने ५जीसाठी (तिकडचं नाव आयएमटी-२०२०) अटी ठरवल्या: वेग किती हवा, विलंब किती चालेल, कुठल्या परिस्थितीत तपासायचं. प्रत्यक्ष तंत्रज्ञान लिहिलं थ्रीजीपीपी नावाच्या भागीदारीने, तिच्याबद्दल खाली सांगतो. म्हणजे आयटीयू प्रश्नपत्रिका काढतं, थ्रीजीपीपी उत्तरपत्रिका लिहितं, आणि पेपर लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण देशांच्या शिष्टमंडळात बसून प्रश्नपत्रिका काढायलाही हजर असतात. गैरप्रकार वगैरे नाही, सगळ्यांना माहीत आहे, नियमात बसतं.

थ्रीजीपीपी ही डिसेंबर १९९८ मध्ये सुरू झालेली भागीदारी आहे. युरोप, अमेरिका, चीन, कोरिया यांची एकेक संस्था, जपानच्या दोन, आणि आपली टीएसडीएसआय, अशा सात संस्था मिळून. कंपन्या या सातांपैकी कुठल्या तरी संस्थेमार्फत आत येतात. निर्णय सहमतीने होतात. मतदानाची तरतूद आहे, ७१ टक्के लागतात, पण मतदानापर्यंत गोष्ट गेली की सगळ्यांनाच ते लाजिरवाणं वाटतं. या सहमतीबद्दल पुस्तकात एक ओळ असते. त्या ओळीच्या आत काय चालतं ते आमच्या प्रकरणावरून सांगतो.

आमच्या कंपनीचं हे प्रकरण थ्रीजीपीपीच्या रॅन-टू या गटातलं. फोन आणि टॉवर एकमेकांना कुठले निरोप पाठवतील, उत्तराची किती वेळ वाट बघतील, हे तिथे ठरतं. गावाकडे फोन वापरलेल्या कोणालाही हा अनुभव असेल: रेंजच्या दोन दांड्या दिसतात आणि फोन काही लागत नाही. लोक कंपनीला शिव्या घालतात. पण दांड्या एवढंच सांगतात की फोनला टॉवर ऐकू येतोय. टॉवरला फोन ऐकू येतोय की नाही, ते दांड्यांना कळत नाही. टॉवर कित्येक वॉटने बोलतो, हातातला फोन साधारण २०० मिलिवॉटने. लांबचा फोन मग तोच निरोप परत परत पाठवतो, टॉवर ते अर्धवट ऐकलेलं जुळवत बसतो, आणि जुळायच्या बेतात असताना फोनमधला टायमर संपतो. की पुन्हा पहिल्यापासून.

टायमरसाठी स्टँडर्डमध्ये ठरावीक किमतींची, म्हणजे किती वेळ थांबायचं त्या आकड्यांची, यादी असते. अशा याद्यांमध्ये पुढची सोय म्हणून काही जागा 'स्पेअर' ठेवलेल्या असतात. त्यातल्या एका जागेत आम्हाला एक मोठी किंमत बसवायची होती. मागणी एवढीच. छोटासा कागद, खाली सिम्युलेशनचे आलेख. असे शेकडो कागद एका मिटिंगला येतात, प्रत्येकाला नंबर असतो, सगळे सर्व्हरवर उघड असतात. हॉलला खिडकी नाही, शेकडो लोक लॅपटॉपवर वाकलेले, चेअरची, म्हणजे मिटिंग चालवणाऱ्या अध्यक्षाची, टिपणं पडद्यावर जागच्या जागी टाइप होतायत.

आमचा नंबर लागला तेव्हा तीन आक्षेप आले. पहिला, हे नेटवर्कच्या इम्प्लिमेंटेशनवर, म्हणजे नेटवर्क बनवणाऱ्याच्या मर्जीवर, सोडता येईल. दुसरा, जुन्या फोनना ही नवी किंमत कळणार नाही. हे दोन्ही रास्त होते आणि दोन्हींची उत्तरं आमच्याकडे होती: फोनमधला टायमर यादीपलीकडे नेटवर्कच्या मर्जीने लांबत नाही, आणि 'मला ही किंमत समजते' असं जो फोन आधी जाहीर करेल त्यालाच ती पाठवायची. तिसरा आक्षेप एका फार मोठ्या कंपनीच्या माणसाने अगदी सभ्यपणे घेतला. आम्हाला सहानुभूती आहे म्हणाला, पण हा कॉर्नर केस आहे, म्हणजे क्वचित कुठेतरी घडणारी गोष्ट.

माझं आजोळ पाटण तालुक्यात, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. तिथे अख्खं गाव कॉर्नर केस आहे. पण हे माइकवर बोलून उपयोग नसतो. तिथे भावना चालत नाहीत, आलेख चालतो, आणि आलेखावर किती कंपन्यांची नावं आहेत ते चालतं.

चेअरने पडद्यावर लिहिलं, ऑफलाइन चर्चा करून परत या. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. कॉफीच्या टेबलापाशी एका जपानी मोबाइल ऑपरेटरचा माणूस भेटला, त्याला बेटांसाठी हेच हवं होतं, पण एकट्याने कागद आणायची त्याची तयारी नव्हती. चिप बनवणाऱ्या एका कंपनीच्या बाईंनी मला उभ्या उभ्या समजावलं की प्रत्येक नवी किंमत म्हणजे प्रत्येक फोनची नवी चाचणी, आणि तो खर्च कोणाच्या गावाला जातो ते तुम्हाला दिसत नाही. त्यांचं बरोबर होतं. मग आम्ही मागणी बारीक केली, चाचणीची अट सैल केली, रात्री जेवणानंतर हॉटेलच्या लॉबीत मसुदा परत लिहिला. शुक्रवारी दुपारी सामान बांधायच्या घाईत निर्णय झाला: किंमत वाढवायला तत्त्वतः हरकत नाही, आकडा चौकटी कंसात. चौकटी कंसाचा अर्थ, आकडा पुढच्या मिटिंगला पक्का करू.

पुढच्या मिटिंगचं तिकीट आमच्या साहेबांनी नाकारलं.

त्यांचं म्हणणं, कागद तर सर्व्हरवर चढवता येतो, मग माणूस कशाला? इंजिनीअरने कोड लिहावा, परदेशी हॉटेलात बसून वाद घालणं हे काही काम नव्हे. ऑफिसात या दौऱ्यांना 'सहल' म्हणायची पद्धत पडली होती, आणि ती त्यांनीच पाडलेली. कागद चढवला. मांडायला कोणी नाही, प्रश्नांना उत्तर द्यायला कोणी नाही. टिपणात शेरा पडला 'नोटेड'. नोटेड म्हणजे नोंद घेतली आणि बाजूला ठेवलं. त्याच मिटिंगमध्ये दुसऱ्या एका कंपनीने त्याच कंसासाठी आकडा आणला, आमच्या निम्मा. त्यांना हायवेवरच्या लांबट सेलसाठी (सेल म्हणजे एका टॉवरचा टापू) तेवढा पुरत होता. कंस आधीच उघडलेला, तत्त्व आधीच मान्य, विरोध करणारा हॉलमध्ये नाही. पाच-दहा मिनिटांत मंजूर.

हे मी साहेबांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, शेवटी झालंच ना ते? आणलं कोणी, याने काय फरक पडतो? आपलं तिकीट वाचलं."

फरक हा पडतो की निम्म्या आकड्यात पाटण बसत नाही. निरोप जुळायच्या आत टायमर संपणार तो संपणारच. आणि एकदा यादीत किंमत बसली की दोन-तीन वर्षं कोणी तो विषय पुन्हा काढू देत नाही. 'हे आपण सोडवलंय' असं ऐकवतात, आणि टिपणात खरंच तसं लिहिलेलं असतं. शिवाय ज्याचा आकडा बसतो त्याचं पेटंटही बरेचदा मागोमाग असतं. मोठ्या कंपन्या एकेका गटाला माणसांचे जथे पाठवतात ते काय हवापालट म्हणून?

भारताचं ऐकतात का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. ऐकतात, जेव्हा आपण बसून राहतो तेव्हा. आयटीयूत ५जीच्या अटी ठरत असताना भारताने ग्रामीण चाचणीत एक नवी परिस्थिती घालून घेतली: टॉवर ते टॉवर ६ किलोमीटर अंतर, ७०० मेगाहर्ट्झची फ्रिक्वेन्सी, आणि माणसं बहुतेक पायी किंवा घरात, गाडीत असली तरी ३० किलोमीटर वेगाने. आधीच्या ग्रामीण चाचणीत अंतर १७३२ मीटर होतं आणि गाड्या १२० ने पळत होत्या. म्हणजे युरोपचा खेडेगाव, महामार्गाकाठचा. आपला हिशोब असा होता की ग्रामपंचायतीपर्यंत फायबर पोचणार आहे, टॉवर तिथेच उभा राहील, आजूबाजूच्या वाड्या त्याच्यातच यायला हव्यात. ही अट सक्तीची झाली. आयआयटीतले, चेन्नईच्या सीविट या वायरलेस संशोधन संस्थेतले लोक त्यासाठी वर्षानुवर्षं मिटिंगांना जात होते. मला विचाराल तर दूरसंचारात भारताने केलेलं ते सगळ्यात मोठं काम आहे, आणि वर्तमानपत्रात त्यावर चार ओळी नसतील.

वर्तमानपत्रात आलं ते ५जी-आय. टीएसडीएसआयने थ्रीजीपीपीच्या तंत्रज्ञानात आपले बदल करून वेगळं स्टँडर्ड आयटीयूत मांडलं, नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला तिथे हिरवा कंदील मिळाला, 'स्वदेशी ५जी' म्हणून पेढे वाटले गेले. मी तेव्हाही म्हणत होतो की हे चालणार नाही. त्यातली तांत्रिक कल्पना, म्हणजे फोनने कमी चढउताराचा सिग्नल पाठवून तेवढ्याच बॅटरीत जास्त लांब पोचणं, चांगलीच होती. पण एका देशापुरता वेगळा फोन कोण बनवणार? आपले ऑपरेटरही तेच विचारत होते. डिसेंबर २०२१ मध्ये तोडगा निघाला, ती कल्पना थ्रीजीपीपीच्या रिलीज १७ मध्ये (म्हणजे स्टँडर्डच्या त्या आवृत्तीत) सामावून घ्यायची आणि वेगळी चूल मोडायची. काही जणांना हा पराभव वाटला. मला वाटतं वेगळं स्टँडर्ड हातात असल्याशिवाय ती कल्पना मुख्य स्टँडर्डमध्ये एवढ्या लवकर गेली नसती. तरी माझं मत तेच आहे: तेवढी ताकद सुरुवातीपासून थ्रीजीपीपीच्या हॉलमध्ये लावली असती तर स्वस्तात झालं असतं.

आणि कृपा करून असं समजू नका की सरस गणित आपोआप जिंकतं. पोलर कोड (सिग्नलमधल्या चुका दुरुस्त करायची एक गणिती रीत) हा तुर्कस्तानच्या बिल्केंत विद्यापीठातल्या एर्दाल आरिकान यांचा शोध, त्यांचा निबंध २००९ चा. तो ५जीत आला कारण चीनच्या हुआवे कंपनीने तो उचलून धरला. नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या रेनो शहरात त्यावरून मोठी जुंपली आणि शेवटी वाटणी झाली: डेटासाठी एलडीपीसी हा दुसरा कोड, कंट्रोलच्या निरोपांसाठी पोलर. त्याच्याही आधीचा एटीएमचा (बँकेचं मशीन नव्हे, डेटा छोट्या ठरावीक तुकड्यांत पाठवायची जुनी नेटवर्क पद्धत; त्या तुकड्याला सेल म्हणत) किस्सा तुमच्या सरांना माहीत असेल. अमेरिकेला एका सेलमध्ये ६४ बाइट डेटा हवा होता, युरोपला ३२, तर ठरले ४८. अठ्ठेचाळीसच्या बाजूने कोणाचंच गणित नव्हतं.

म्हणून करिअरचं म्हणाल तर डिजिटल कम्युनिकेशन आणि प्रोबॅबिलिटी पक्की करा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी वेगळं सांगतो. थ्रीजीपीपीची स्पेसिफिकेशन फुकट डाउनलोड होतात, आणि मिटिंगला आलेले कागद आणि चेअरची टिपणंही. ३८.३०० (५जी रेडिओची एकंदर रचना सांगणारं स्पेसिफिकेशन) आधी वाचा, मग एखादं छोटं फीचर निवडा आणि ते पहिल्या कागदापासून मंजुरीपर्यंत मिटिंगमागून मिटिंग कसं गेलं ते शोधून काढा. कोणी आक्षेप घेतला, कुठल्या मिटिंगला आकडा बदलला. एवढं केलेला मुलगा किंवा मुलगी समोर आली तर मी मार्कशीट बघणार नाही.

आणि कंपनीची मुलाखत द्याल तेव्हा तुम्हीही एक प्रश्न विचारा: गेल्या दोन वर्षांत या गटाच्या मिटिंगांना कोण गेलं होतं? प्रत्येक वेळी वेगळं नाव असेल, किंवा 'आम्ही कागद पाठवतो' असं उत्तर आलं, तर तिथे स्टँडर्डचं काम करायला जाऊ नका. तिथे साहेब तिकीट वाचवतात. माझ्या साहेबांनी हे वाचलं तर वाचोत. त्यांचा हिशोब तिमाहीचा होता आणि त्या तिमाहीत तो बरोबरही होता, हे मी मान्य करतो. छोट्या कंपनीला दर गटाला माणूस पाठवणं परवडत नाही, हेही खरं. पण मग एकच गट धरावा आणि माणूस बदलू नये.

आता राहिलेल्या गोष्टी. मी रेडिओच्या बाजूचा माणूस आहे, कोअर नेटवर्कच्या, म्हणजे टॉवरच्या मागच्या यंत्रणेच्या, गटांची रीत थोडी वेगळी असेल. कोविडच्या काळात सगळं ईमेलवर आणि ऑनलाइन झालं, तेव्हा तिकिटाचा प्रश्न नव्हता, पण कॉफीचं टेबलही नव्हतं. वाय-फायचं स्टँडर्ड आयईईईत होतं, तिथे मत कंपनीचं नसून माणसाचं असतं, निदान कागदावर. इंटरनेटचे प्रोटोकॉल आयईटीएफमध्ये ठरतात. तिथे सभासद-फी नाही, मेलिंग लिस्टवर नाव घातलं की कोणीही मसुद्यावर बोलू शकतं, कॉलेजातला विद्यार्थीसुद्धा. तुम्हाला नोकरी लागायच्या आधी हात घालून बघायचं असेल तर तिथूनच सुरू करा.