बातमी छापून आली, पुढे तिचं काय होतं?

वाचकांचे प्रश्न, निवृत्त माहिती अधिकाऱ्याची उत्तरं

प्रश्न : आमच्या गावची नळयोजना दोन वर्षं बंद आहे. त्याची बातमी जिल्ह्याच्या पानावर फोटोसह छापून आली. सरपंच म्हणतात, "मुंबईत कोण वाचतंय हे?" खरंच वरच्या खात्यात कुणी वाचतं का?
— एक शिक्षक, लातूर जिल्हा

उत्तर : गुरुजी, वाचतात. राज्य सरकारचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, त्याचं एक कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात असतं. सरकारच्या बातम्या पेपरला देणं हे त्याचं काम लोकांना ठाऊक असतं. पेपरात सरकारबद्दल काय आलंय ते रोज सकाळी वर पोचवणं हे दुसरं काम. ते मी एकोणतीस वर्षं केलं.

माझ्या सुरुवातीच्या काळात पेपरांचे गठ्ठे पहिल्या एसटीने यायचे. आमचा शिपाई स्टँडवरून ते सायकलवर आणायचा. प्रत्येक पेपरच्या दोन प्रती घ्यायचो, कारण एका बाजूची बातमी कापली की मागच्या पानावरची कामाची बातमी चिरली जाते. तांबड्या पेन्सिलीने खुणा करायच्या, कापायचं, फुलस्केपवर खळीने चिकटवायचं. वर शिक्का : वृत्तपत्र, दिनांक, पान. त्याखाली निळ्या शाईत खात्याचं नाव. साडेनऊपर्यंत कात्रणांची फाईल जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर गेलीच पाहिजे. मोठी बातमी असेल तर ती मुंबईला फोनवर वाचून दाखवायची. पुढे फॅक्स आला. आता कात्री राहिली नाही, पीडीएफ होते आणि मोबाईलच्या ग्रुपवर जाते. वाट मात्र तीच आहे.

मंत्रालयात कात्रणं खात्यावार लागतात आणि सचिवांसमोर जातात. सचिवांनी शेरा मारला की संबंधित कार्यासनातून, म्हणजे मंत्रालयातल्या त्या विषयाच्या टेबलावरून, जिल्ह्याला पत्र निघतं : सदर बातमीबाबत वस्तुस्थितीदर्शक अहवाल तात्काळ सादर करावा. जिल्ह्यातून ते पंचायत समितीला जातं, तिथून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे.

गुरुजी, खरी ग्यानबाची मेख इथे आहे. ज्याच्या कामाबद्दल तुमची तक्रार, पुष्कळदा त्याच्याच टेबलावर ते पत्र येऊन थांबतं आणि उत्तरही तोच लिहितो. "योजना सुरळीत सुरू आहे" एवढी एक ओळ आली की वरची नस्ती, म्हणजे फाईल, बंद. म्हणून बातमी आल्यावर गप्प बसू नका. आठवड्याभरात पंचायत समितीत जाऊन विचारा, अहवाल मागवलाय का? मागवला असेल तर पाहणी गावकऱ्यांसमोर होऊ द्या, पंचनाम्यावर चार सह्या घ्या. चार सह्यांचा कागद वरच्या माणसाला बाजूला सारता येत नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती मला अजून टोचते. १९९४ चा उन्हाळा. एका छोट्या स्थानिक दैनिकात आतल्या पानावर सहा ओळी होत्या. अमुक गावच्या हातपंपाला गढूळ पाणी येतंय, लहान मुलांना जुलाब होताहेत, लक्ष द्यावं. मी ती कापली, चिकटवली आणि निळ्या शाईत लिहिलं, "पाणीपुरवठा". कात्रण बरोबर तिथे पोचलं. त्या खात्याने हातपंप दुरुस्तीच्या यादीत गाव घातलं, म्हणजे त्यांच्या परीने काम झालं. "जुलाब" हा शब्द आरोग्याच्या कुणाच्या नजरेखालून गेलाच नाही. पाचव्या दिवशी गावातून बैलगाडीने माणसं दवाखान्यात यायला लागली, तेव्हा डॉक्टरांचं पथक निघालं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. पण त्या पाच दिवसांत जी मुलं आजारी पडली, त्यांच्यातल्या काहींचं आजारपण नक्की टळलं असतं, मी शाईने एक शब्द जास्त लिहिला असता तर. त्या दिवसापासून पाण्याच्या प्रत्येक कात्रणाच्या दोन प्रती काढल्या, एक आरोग्याला. तसा नियम नव्हता. निवृत्त होईपर्यंत काढल्या.

म्हणून २००८ साली दिल्लीत जे सुरू झालं त्याचं मला मनापासून अप्रूप आहे. आज ज्याला राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र म्हणतात, तिथे एकात्मिक रोग सर्वेक्षणाच्या कामात त्या वर्षीच्या जुलैत माध्यमांवर लक्ष ठेवणारा एक कक्ष उघडला. पेपरांत आणि वाहिन्यांवर कुठे ताप, जुलाब, विषबाधा, अचानक मेलेली जनावरं अशी बातमी आली की ती त्या जिल्ह्याच्या सर्वेक्षण अधिकाऱ्याकडे जाते, आणि तो जागेवर जाऊन खरं-खोटं कळवतो. बातमी चांगली की वाईट, सरकारची अब्रू गेली की राहिली, असला प्रश्न तिथे नाही. साथ आहे का आणि पथक गेलं का, एवढंच. माध्यमांवर नजर ठेवावी तर अशी.

तुम्हीही पुढच्या वेळी बातमीदाराला सांगताना आजारपण असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. गावाबरोबर तालुका सांगा. एकाच नावाची तीन-तीन गावं असतात आणि कात्रण भलत्याच तालुक्यात जातं. "अनेक दिवसांपासून" म्हणू नका, तारीख द्या. योजनेचं नाव आणि बंद पडल्याचा महिना द्या. कात्रण वाचणारा माणूस घाईत असतो, त्याला कुठल्या टेबलावर टाकायचं ते बातमीनेच सांगावं लागतं.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून वार्ताहर आहे. राज्य सरकारने माध्यमांवर लक्ष ठेवायला केंद्र काढायचं ठरवलं तेव्हा आमच्यात खूप चर्चा झाली. ही पत्रकारांवर पाळत नाही का?
— एक वार्ताहर, नाशिक

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि तिला जुनी मुळं आहेत. १८६८ पासून मुंबई इलाख्यात देशी वृत्तपत्रांवर सरकारसाठी अहवाल तयार होत. सरकारचे भाषांतरकार मराठी, गुजराती पेपर वाचायचे, इंग्रजीत सारांश काढायचे आणि तो गोपनीय म्हणून साहेबांपुढे जायचा. १८९७ मध्ये 'केसरी'तल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा फिर्यादी होता सरकारचाच एक भाषांतरकार. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. कात्रण ठेवणाऱ्याच्या हातून काय घडू शकतं याचं याहून मोठं उदाहरण आपल्याकडे नाही. आमच्या खात्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी हे सांगत आलो. आज त्याच अहवालांतून अभ्यासक नामशेष झालेल्या पेपरांचा मजकूर शोधून काढतात, हेही खरं.

मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने ज्या केंद्राला दहा कोटी रुपये मंजूर केले, त्याची वेळ सकाळी आठ ते रात्री दहा ठरली. पेपर आणि वाहिन्यांवरच्या बातम्या जमवायच्या, खात्यावार वर्गवारी करायची, दिशाभूल करणारी बातमी दिसली की लगेच खुलासा द्यायचा, असा तो निर्णय. खुलाशाला माझा विरोध नाही, मी शेकड्यांनी लिहिलेत. आकडा चुकला असेल तर खात्याने आपली बाजू सांगावी, संपादकाने ती छापावी. पण चूक कोणती हे सरकारनेच ठरवायचं आणि मजकूर हटवला जाईल अशी व्यवस्था करायची, हे वेगळं. केंद्र सरकारने २०२३ मध्ये नियम बदलून आपल्या कारभाराबद्दलचा इंटरनेटवरचा मजकूर खोटा ठरवणारा कक्ष नेमण्याचा अधिकार घेतला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २० सप्टेंबर २०२४ रोजी तो नियम घटनाबाह्य ठरवला. ही रेघ तुम्ही पाठ करून ठेवा.

मला खुपतो तो रकाना. आमच्या नोंदवहीत "अनुकूल / प्रतिकूल" असा होता, आता "सकारात्मक / नकारात्मक" म्हणतात. टँकर आला नाही ही बातमी प्रतिकूल कशी? ती खरी असते किंवा खोटी. प्रतिकूल म्हटलं की साहेबाचा पहिला प्रश्न असतो, "कुणी छापली?" विधिमंडळातला तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, वाचून बघा, पुष्कळ प्रश्न पेपरातल्या बातमीवरूनच विचारलेले असतात. त्याचा साचा ठरलेला आहे : हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय. बातमीदाराचं नाव त्यात कुठेच येत नाही. कात्रणाच्या नोंदवहीत हेच तीन रकाने असावेत, असं मी नोकरीत असताना दोनदा लेखी सुचवलं होतं. आजही सुचवतो.

तुमच्या बातमीवर कुणी फोन करून "कुणी सांगितलं?" विचारलं तर नाव देऊ नका. "खुलासा लेखी पाठवा, आम्ही छापू," एवढंच म्हणा.

प्रश्न : आमच्या बातमीवर खात्याने काय लिहिलं ते मला बघता येईल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : येईल. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली साधा अर्ज करा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही लागत नाही. "कारवाई का केली नाही?" असं विचारू नका, "का"ला माहिती म्हणत नाहीत असं उत्तर येतं. कागद मागा : अमुक दिनांकाच्या बातमीचं कात्रण, त्यावरचा शेरा, मागवलेलं पत्र, आलेला अहवाल आणि पाठवलेला खुलासा, यांच्या प्रती. उत्तराची मुदत तीस दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. छापील बातमीची झेरॉक्स अर्जाला जोडा, आणि दिनांक व पान क्रमांक हाताने ठळक लिहा.