‘रिमेन इन लाइट’: गाणी खरंच जागची हलत नाहीत का?

प्रश्न: ‘टॉकिंग हेड्स’ या अमेरिकन रॉक बँडच्या ‘रिमेन इन लाइट’ या अल्बमवरून आमच्या गटात कायम वाद होतात. काहींच्या मते न्यू वेव्हमध्ये (पंकनंतरच्या रॉकच्या प्रवाहात) याच्या तोडीचा अल्बम नाही. काही म्हणतात, गाणी जागची हलत नाहीत आणि रेकॉर्डची दुसरी बाजू तर कंटाळवाणी आहे. दोन्हीकडे जाणकार आहेत. मग मतं इतकी टोकाची का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: गाणी जागची हलत नाहीत हे खरंच आहे, पण तो दोष नव्हे. १९८० मध्ये बँड बहामातल्या कंपास पॉइंट स्टुडिओत गेला तो तयार गाणी न घेता. डोक्यात फेला कुटीचं नायजेरियन आफ्रोबीट, म्हणजे एकाच ठेक्यावर लांबत जाणारं नाचतं संगीत, होतं. छोटे तुकडे वाजवायचे, ते फिरवत ठेवायचे, त्यांवर थर चढवायचे आणि मिक्सिंगच्या (सगळे आवाज एकत्र बसवण्याच्या) वेळी कोणता थर उघडायचा, कोणता मिटायचा ते ठरवायचं, अशी ही पद्धत. निर्माता ब्रायन ईनो. शब्द आणि गायन बरंचसं नंतर आलं. त्यामुळे आता कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा गट) बदलेल म्हणून वाट पाहणाऱ्याची निराशा होते आणि थरांची ये-जा ऐकणारा रंगून जातो.

नावडणाऱ्यांना आधी विचारा, कशावर ऐकलंत? फोनच्या स्पीकरवर बेस जवळपास नाहीसा होतो आणि उरते ती नुसती गिटारची किरकिर. हेडफोन लावा, शफल बंद करा. ‘बॉर्न अंडर पंचेस’मध्ये पहिली दोन मिनिटं फक्त बँडच्या टीना वेमथचा बेस धरून ठेवा, मग गिटारकडे वळा. ‘द ग्रेट कर्व्ह’मध्ये एकमेकांवर चढणाऱ्या गाण्याच्या ओळी वेगळ्या काढून पाहा. त्यातच पाहुणा गिटारवादक एड्रियन बेल्यूचे दोन गिटार सोलो आहेत, तेवढ्यासाठीसुद्धा हे गाणं पुन्हा ऐकावं! ‘वन्स इन अ लाइफटाइम’ला हाताने ताल धरा. त्याची सम नेमकी कुठे, यावर ईनो आणि बँडचंही एकमत नव्हतं. गाणं तरंगल्यासारखं वाटतं ते बहुधा त्यामुळेच.

दुसऱ्या बाजूबद्दलची तक्रार मात्र निम्मी मान्य. ती सुरू होते ‘वन्स इन अ लाइफटाइम’ने, आणि त्यानंतर लय उतरत जाते. ‘सीन अँड नॉट सीन’ तर गायलेलंच नाही, नुसतं बोललेलं आहे. शेवटचं ‘द ओव्हरलोड’ सहा मिनिटं एकाच गडद सुरावर रेंगाळतं, आणि थरांची उलथापालथ नसल्यामुळे तिथे ही पद्धत उघडी पडते. ‘लिसनिंग विंड’ला मात्र त्याच मापाने मोजू नका. अमेरिकनांविरुद्ध बॉम्ब ठेवणाऱ्या माणसाच्या जगात शिरणारं हे गाणं मुद्दाम दबलेलं आहे. वेग वाढवला असता तर त्यातली धास्तीच गेली असती.

नंतरच्या सीडी आवृत्तीत चार अपुऱ्या चाली शेवटी जोडल्या आहेत. मूळ अल्बम आठ गाण्यांचा, सुमारे चाळीस मिनिटांचा. तेवढाच ऐकून मत बनवा. तरीही कोणी अडून बसलं, तर बेनिनच्या अँजेलिक किजोने २०१८ मध्ये हाच अख्खा अल्बम नव्याने गायला आहे, तो आधी ऐकवा. तिथे ठेका पश्चिम आफ्रिकेच्या अंगाने येतो आणि मूळ रचनेचे सांधे जास्त स्पष्ट कळतात.