सगळ्या नायिका एकसारख्याच वाटत असतील तर पुढची मालिका कशी निवडावी?

तुम्ही बेळगावजवळच्या खानापूरहून विचारलंय की व्हॅम्पायर-वेअरवुल्फच्या चार इंग्रजी प्रेममालिका वाचून झाल्या, चारही नायिका गोऱ्या, सडपातळ आणि अनाथ निघाल्या. वेगळ्या नायिका कुठे मिळतील आणि सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करावी?

तुमची तक्रार रास्त आहे. लॉस एंजेलिसमधलं 'द रिप्ड बॉडिस' या फक्त रोमान्स विकणाऱ्या दुकानाने प्रकाशकांची आकडेवारी गोळा केली होती. त्यांच्या अहवालाप्रमाणे 2016 मध्ये दर 100 पुस्तकांत गोऱ्या नसलेल्या लेखकांची पुस्तकं 7.8 होती, 2017 मध्ये 6.2. हा आकडा लेखकांचा आहे, नायिकांचा नव्हे, पण बाजार कुठे झुकलाय ते त्यावरून कळतं. म्हणून शोधूनच वाचावं लागतं.

शोधताना मुखपृष्ठ आणि पाठचा मजकूर बाजूला ठेवा. किंडलवर साधारण पहिला दहावा हिस्सा फुकट वाचता येतो, तेवढ्यात पारख होते. नायिकेचा वर्ण पहिल्या प्रकरणात मध, कॉफी, दालचिनी असल्या उपमांनी सांगून टाकलाय आणि पुढे त्याचा मागमूस नाही, तर ते पुस्तक सोडा. तिची शक्ती कुठून आली ते बघा: घराण्याकडून, समाजाकडून आली असेल तर कथेत ते माणसांसकट यायला हवं, नुसता एक ताईत गळ्यात अडकवून भागत नाही. आणि तिला कुणी मावशी, आजी, चुलतभाऊ आहेत का? अनाथ नायिका लेखकाच्या सोयीची असते. घरात विचारणारं कुणी नाही, लग्नाला हरकत घेणारं कुणी नाही, संस्कृती लिहायची जबाबदारीही टळते. तुम्हाला चारही नायिका अनाथ भेटल्या त्यामागे हेच कारण असणार.

सुरुवात पॅट्रिशिया ब्रिग्ज यांच्या 'मर्सी थॉम्पसन' मालिकेपासून करा असं मी सांगेन. पहिला भाग 'मून कॉल्ड' (2006). मर्सी वॉशिंग्टन राज्यातल्या ट्राय-सिटीज भागात फोक्सवॅगन दुरुस्तीचं गॅरेज चालवते. आई गोरी, वडील अमेरिकेतल्या ब्लॅकफीट या आदिवासी जमातीचे, ते तिच्या जन्माआधीच गेले. ती लहानाची मोठी झाली मोंटानामधल्या वेअरवुल्फांच्या कळपात, पण स्वतः वेअरवुल्फ नाही. ती कोयोट होते. लांडग्यांना रूप बदलताना हाडं मोडल्यासारख्या वेदना होतात, मर्सी क्षणात बदलते, कारण हे वडिलांच्या रक्तातून आलंय, चाव्यातून नव्हे. त्यामुळे कळपात ती आश्रित, आणि वडिलांच्या लोकांबद्दल तिला धड काही माहीत नाही. तिचे बहुतेक निर्णय या दुहेरी परकेपणातून येतात. सीमाभागात वाढलेल्या माणसाला, घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी असं जगणाऱ्याला, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

इथे वाचकांची एक गफलत होते. पहिल्या पाच भागांत वडिलांच्या बाजूचं फार थोडं येतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या भागातच 'नावापुरती आदिवासी' असा शिक्का मारून लोक मालिका सोडतात. ती बाजू उघडते सहाव्या भागात, 'रिव्हर मार्क्ड'मध्ये (2011). तिथपर्यंत थांबून मग मत बनवा. ब्रिग्ज स्वतः त्या समाजातल्या नाहीत हेही मनात ठेवूनच वाचा. आणि एक इशारा: तिसऱ्या 'आयर्न किस्ड'च्या शेवटाकडे नायिकेवर बलात्कार होतो. लेखिकेने तो मसाला म्हणून वापरलेला नाही, पुढच्या भागांत त्याचे परिणाम नीट येतात. तरीही आधी माहीत असलेलं बरं.

नलिनी सिंग फिजीत जन्मलेल्या, न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या. त्यांची 'साय-चेंजलिंग' मालिका 'स्लेव्ह टू सेन्सेशन' (2006) पासून सुरू होते. दर भागात जोडी नवी, पण मागचं राजकारण सलग: भावना मारून टाकायचं शिक्षण 1979 पासून घेत आलेले, मानसिक शक्ती असलेले 'साय' लोक आणि त्या व्यवस्थेला पडत गेलेल्या भेगा. जोड्या वेगळ्या म्हणून कुठूनही वाचून चालेल असं बरेच जण सांगतात, ते ऐकू नका. बाराव्या 'हार्ट ऑफ ऑब्सिडियन'मध्ये जे रहस्य फुटतं त्याची बांधणी आधीच्या भागांतून झालेली असते, हा बारावा भाग आधी वाचलात तर त्यातली मजाच जाते. पहिलं पर्व पंधरा कादंबऱ्यांचं, 'अलिजन्स ऑफ ऑनर'पर्यंत (2016). दुसरं 'सिल्व्हर सायलेन्स'पासून (2017). तुमच्या प्रश्नाला नेमकी लागू पडते ती पाचव्या 'होस्टेज टू प्लेझर'मधली अशाया: सावळी, कुरळ्या केसांची शास्त्रज्ञ, आणि लहान मुलाची आई. आई असलेली नायिका या प्रकारात क्वचितच सापडते. मात्र या जगात भेद आहे तो साय, चेंजलिंग (प्राण्याचं रूप घेणारे) आणि माणसं यांच्यातला. कातडीच्या रंगावरून कुणी कुणाला अडवत नाही. काहींना हा मोकळेपणा आवडतो, काहींना प्रश्न टाळल्यासारखा वाटतो. मला तो आवडतो, पण सगळं वाचन असल्याच जगात झालं तर काहीतरी राहून जातं.

ते राहिलेलं एल. ए. बँक्स यांच्या 'व्हॅम्पायर हंट्रेस' मालिकेत मिळेल. 'मिनियन' (2003) हा पहिला भाग, एकूण बारा. नायिका डमाली रिचर्ड्स कृष्णवर्णीय, मंचावर कविता सादर करणारी कलाकार. तिच्याभोवतीचा चमू म्हणजेच तिचं घर. भाषा रस्त्यावरची, खटकेबाज. सुरुवातीला अडखळाल, मोठ्याने वाचलं की लय सापडते. पहिल्या भागात प्रेमकथा जेमतेम सुरू होते, म्हणून दुसरा 'द अवेकनिंग' हाताशी ठेवूनच बसा. क्रम मोडलात तर काही कळणार नाही.

रिबेका रोनहॉर्स यांची 'ट्रेल ऑफ लाइटनिंग' (2018) तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. नायिका मॅगी नवाहो या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीची आहे, वेगही जबरदस्त. पण प्रेमकथा म्हणून घेऊ नका, आणि नवाहो लेखकांच्या एका गटाने पवित्र कथा अशा वापरल्याबद्दल जाहीर आक्षेप घेतला होता, तो समजून घ्या. कणकुंबी-जांबोटीकडच्या राखणदाराला कुणी परदेशी कादंबरीत नुसता राक्षस करून टाकला तर आपल्याला जे वाटेल, तेच इथे आहे.

आपल्याकडचं हवं तर श्वेता तनेजा यांची 'कल्ट ऑफ केऑस' (2014) बघा की, दिल्लीतली तांत्रिक गुप्तहेर अनंत्या. यातही प्रेम दुय्यम आहे.

आता खरेदीचं. बेळगावात दुकानात किंवा जुन्या पुस्तकांत मालिकेचा मधलाच भाग हाती लागण्याची शक्यता जास्त. स्वस्त मिळाला म्हणून त्यापासून सुरुवात करू नका. लेखिकेच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा क्रम वहीत उतरवून घ्या. त्यात अडीच, साडेतीन असे आकडे दिसले तर त्या लघुकादंबऱ्या असतात. बऱ्याच वगळल्या तरी चालतात, सगळ्या नाहीत. ब्रिग्ज यांचीच 'अल्फा अँड ओमेगा' मालिका घ्या: तिची सुरुवात त्याच नावाच्या लघुकादंबरीत आहे, ती 2007 मध्ये 'ऑन द प्रॉल' या संग्रहात आली. थेट 'क्राय वुल्फ' (2008) उघडलंत तर नायक-नायिकेची ओळख आधीच झालेली असते आणि आपलीच पानं गळालीत असं वाटतं. एकदम पूर्ण संच मागवू नका. मर्सीचे पहिले दोन भाग घ्या. दुसरा संपवून तिसरा हवासा वाटला नाही, तर नलिनी सिंगकडे वळा.