रोज तपासलेले, कधीच न विचारलेले

"पासपोर्टवरचा व्हिसा संपला, म्हणजे मी इथे बेकायदा राहतोय का?" २०२५ च्या वसंतात अमेरिकेतील हजारो विदेशी विद्यार्थ्यांच्या 'सेव्हिस' या सरकारी संगणक-प्रणालीतील नोंदी अचानक रद्द झाल्या आणि एप्रिलअखेर त्यांपैकी अनेक पूर्ववत करण्यात आल्या, तेव्हापासून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की उत्तर लिहून ठेवणेच बरे.

एमएसच्या दुसऱ्या वर्षातील एक विद्यार्थी झोप येत नाही म्हणून माझ्याकडे आला. रात्री तो संकेतस्थळावर आपली आय-९४ नोंद, म्हणजे देशात प्रवेश केल्याची सरकारी नोंद, उघडत असे.

"किती वेळा?"

"दहा-बारा. प्रत्येक वेळी डी/एस असंच दिसतं." डी/एस म्हणजे ठरावीक तारीख नाही, विद्यार्थी म्हणून दर्जा टिकेल तोवर मुक्काम.

"आणि कॉलेजच्या डीएसओंना विचारलंस?" डीएसओ म्हणजे विदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळणारे कॉलेजमधले अधिकारी.

तो बराच वेळ गप्प राहिला. मीही राहिले, अशा वेळी न बोलणे मला वीस वर्षांत जमू लागले आहे.

"त्यांनी 'नोंद रद्द झाली' असं सांगितलं तर, मॅडम?"

माझ्या मते सगळी गाठ इथेच होती. जिथे उत्तर आधीच माहीत आहे तिथेच तो पुन्हा पुन्हा पाहत होता, कारण जिथे खरे उत्तर मिळेल ती जागा त्याला टाळायची होती. पासपोर्टवरील व्हिसा हा देशात प्रवेश मिळवण्यापुरता असतो. आत राहण्याची वैधता आय-९४ नोंद, मुदतीतील आय-२० (कॉलेजने अभ्यासक्रमासाठी दिलेले प्रमाणपत्र) आणि पूर्णवेळ शिक्षण यांवर अवलंबून असते, तर सेव्हिसमधील नोंद सक्रिय आहे की नाही हे डीएसओ पाहून सांगू शकतात. (व्हिसा संपल्यावर देशाबाहेर गेल्यास परतण्यासाठी सामान्यतः नवा घ्यावा लागतो, हे खरे; पण तो निराळा प्रश्न आहे.)

डीएसओंना ईमेल आम्ही समुपदेशनाच्या त्या भेटीतच लिहिला: नोंद सक्रिय आहे का, आय-२० कधी संपतो, नोंदणी पूर्णवेळ धरली आहे का, पत्ता कोणता आहे? मुदतवाढ लागणार असेल तर ती आय-२० संपण्यापूर्वीच मागावी लागते, म्हणून दुसरा प्रश्न मी आग्रहाने घालायला लावला. नोंद रद्द असल्याचे कळलेच, तर त्याच दिवशी इमिग्रेशन वकील गाठायचा, मित्रांच्या ग्रुपवर मत मागत बसायचे नाही, हेही आधीच ठरवले.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. नोंद सक्रिय होती. पत्ता मात्र जुनाच होता. घर बदलल्यावर दहा दिवसांत कळवायचे असते, हे रात्रभर जागणाऱ्या या मुलाच्या ध्यानातच नव्हते. पत्ता त्याने त्याच दुपारी बदलून घेतला.


आय-९४ ची छापील प्रत आता त्याच्या फायलीत आहे, आणि डीएसओंना तो प्रत्येक सेमिस्टरच्या सुरुवातीला एकदा लिहितो.