चीनमधील मुलांचा लठ्ठपणा वाढत्या वयात आपोआप उतरतो का?

बहुधा नाही. चीनच्या राष्ट्रीय आरोग्य आयोगाच्या 2020 मधील अहवालानुसार 6 ते 17 वयोगटातील सुमारे 19 टक्के मुले जादा वजनाची किंवा लठ्ठ होती. एकुलत्या नातवाच्या वाडग्यात आजी आणखी एक डाव भात वाढते, कारण 1959 ते 1961 चा दुष्काळ सोसलेल्या पिढीला गुबगुबीत मूल म्हणजे सुबत्ता वाटते. ही माया समजण्याजोगी असली, तरी पोटाभोवती साठलेल्या चरबीमुळे इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो आणि रक्तदाब, ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) व यकृतातील चरबी शाळकरी वयातच वाढू लागते. केवळ वजनकाट्यावर मात्र विसंबू नये. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक असेल, म्हणजे 140 सेंटिमीटर उंचीच्या मुलाची कंबर 70 सेंटिमीटरपुढे गेली असेल, तर डॉक्टरांकडून रक्तदाब व रक्त तपासून घ्यावे.