आधी मे महिन्यातली विहीर बघा

वाचकांचे प्रश्न : घर, अंगण, जमीन

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात आमची ३८ गुंठे वडिलोपार्जित जमीन आहे, उताराची. एका कडेने पऱ्ह्या (पावसाळी ओढा) जातो, वरच्या अंगाला आंबा, फणस आणि काजू, खालच्या टोकाला जुनी विहीर. आजोबांचं मातीचं घर केव्हाच पडलं, जोतं तेवढं शिल्लक आहे. सात-बारावर अजून वडील आणि काकांची नावं आहेत. दोघंही आता नाहीत. आम्ही सख्खे-चुलत मिळून तीन भाऊ, दोन बहिणी. पुढच्या गणपतीला नव्या घरात असावं असं सगळ्यांच्या मनात आहे. ओळखीच्या आर्किटेक्टने दुमजली, चार बेडरूमचा प्लॅन काढून दिलाय. जेसीबीवाला म्हणतो, दोन दिवसांत सगळं सपाट करून देतो. दिवाळीनंतर सुरुवात करू का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : सुरुवात करा, पण बांधकामाला नको. पुढचा गणपती जुन्या जोत्याशेजारी मांडव घालून करा, नाहीतर नेहमीसारखा भावकीच्या घरी. यावरून तुमच्याकडे बोलणी होतील हे मला कळतं. चाकरमान्यांच्या घरात गणपतीची तारीख आधी ठरते आणि जोतं मागाहून. पण रत्नागिरी जिल्ह्यात वीसेक वर्षं घरं बांधून माझं मत असं झालंय की गावच्या जमिनीवर एक उन्हाळा आणि एक पावसाळा नुसता बघण्यात घालवावा.

आधी त्या जेसीबीवाल्याला थांबवा. उताराची जमीन सपाट करायची म्हणजे वरून कापायचं आणि ती माती खाली लोटायची. वर दहा-बारा फुटांची उभी दरड उघडी पडते, खाली सैल भराव होतो. दिसायला मैदान झकास. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. जांभ्याच्या, म्हणजे कोकणातल्या लाल दगडाच्या, थराखाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-गुलाबी चिकण माती असते. ती भिजली की वरचं सगळं घेऊन सरकते. माळीण (२०१४) आणि तळीये (२०२१) इथे अख्खे डोंगर सुटले. त्यांच्याशी घरामागच्या कापाची बरोबरी करून मी तुम्हाला घाबरवत नाही. पण पाणी मुरून माती जड होते आणि सुटते, हे कारण दहा फुटांच्या दरडीलाही लागू आहे.

सपाटी हवीच, पण टप्प्याटप्प्याने करा. तीन-चार फुटांपेक्षा उंच कोणताही टप्पा नको, आणि प्रत्येकाला जांभ्याचा कोरडा गडगा, म्हणजे नुसते दगड रचून केलेला बांध. सिमेंट न घातलेल्या गडग्यातून पाणी आपोआप झिरपून जातं. काँक्रीटची भिंत घालाल तर तिला पाणी जायला भोकं ठेवायला सांगा, नाहीतर दोन पावसाळ्यांत ती पोट काढते. घराचं जोतं कापलेल्या, म्हणजे मूळच्या जमिनीवर घ्या आणि भरावावर अंगण करा. लोक नेमकं उलटं करतात, कारण दरीकडची बाजू, तिथून देखावा चांगला. मग भराव बसतो आणि पडवीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर खिडकीपर्यंत चढत जाते. ती चीर पुट्टीने बुजवणारे गवंडी भेटतात; पुढच्या श्रावणात ती पुन्हा हजर.

पऱ्ह्याला हात लावू नका. पाईप टाकून वर माती ओढली तर जुलैत पालापाचोळा, फांद्या, गोटे येऊन पाईप तुंबणार आणि पाणी तुमच्या ओटीवरून वाट काढणार. झाडांचंही तेच. आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ ही झाडं आपल्या मालकीची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे. शिवाय वरच्या अंगाची ती झाडंच माती धरून आहेत.

दिवाळीनंतर करायचं ते हे : आजोबांच्या जोत्याजवळ आणि घर जिथे कल्पिलंय तिथे, चार फूट लांब-रुंद आणि सहा फूट खोल असे दोन-तीन खड्डे मारा. आत उतरून बघा. लाल माती किती, मुरूम कुठे लागतो, कातळ किती खाली, चिकण मातीचा थर आहे का. एका खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून किती वेळात जिरतं तेही बघा, शोषखड्ड्याची जागा ठरवायला कामाला येईल. जुन्या जोत्याची जागा बहुतेक वेळा बसलेली, पक्की असते. जुनं ते सगळं शहाणपणाचं असं मात्र मी म्हणणार नाही. विहिरीच्या सोयीसाठी ओलीत बांधलेली आणि जन्मभर भिंतीला पोपडे धरलेली घरं पुष्कळ आहेत.

आता विहीर. पत्रात तिच्याबद्दल अर्धं वाक्य आहे, माझ्या मते सगळा प्रश्नच तिचा आहे. जांभा सच्छिद्र दगड. पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरते, आणि तशीच भराभर उतरते. गणपतीत बघितलेल्या विहिरीवर भरवसा ठेवून कोकणात कित्येक घरं उभी राहिलीत आणि मेमध्ये टँकरला फोन करतायत. म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यात एक रात्र गावात काढा. संध्याकाळी पंप लावून विहीर उपसा. दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा, दोरीला गाठ मारा. सकाळी पुन्हा मोजा. दहा फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी चढलं तर ते सुमारे २,२०० लिटर होतं. पाच माणसांच्या घराला पुरून उरेल. पण सुट्टीत पंधरा माणसं आली, वर कलमांना पाणी घालायचं म्हटलं, की भागणार नाही. आणि बांधकामाला सगळ्यात जास्त पाणी लागतं तेही मार्च ते मे, चिरे भिजवायला, काँक्रीटवर मारायला. पाणी कमी निघालं तर घराचा बेत सोडायची गरज नाही. विहिरीतला गाळ काढा, छपराच्या पाण्यासाठी मोठी टाकी आधीपासून नकाशात धरा. बोअर सगळ्यात शेवटी, तेही भूजल सर्वेक्षण विभागाला विचारून.

दुसरी गोष्ट, जी त्या आर्किटेक्टने बघितलेली दिसत नाही. विहीर खालच्या टोकाला आहे, म्हणजे घर तिच्या वर येणार. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा विहिरीपासून ५० फूट लांब ठेवावा असं सर्रास सांगतात. पण जांभ्याच्या भेगांतून पाणी कुठल्या कुठे जातं, आणि उतारावर ते विहिरीकडेच जातं. ५० फूट कमीत कमी समजा आणि शोषखड्डा विहिरीच्या थेट वर न ठेवता बाजूच्या अंगाला न्या, पऱ्ह्यापासूनही लांब. टँक आधी, त्यावरून बाथरूम, त्यावरून बेडरूम, असा क्रम लावला तर नकाशा बदलेल. बदलू दे.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण तो वकिलाचा प्रांत. आधी वारस नोंद. त्यात बहिणींची नावं लागणारच. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. ‘त्यांना काही नकोय’ हे भावांनी सांगून भागत नाही. बहिणीला खरंच नको असेल तर तिचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, आणि ते तिने समजून-उमजून द्यावं. सामाईक सात-बारावर बँक कर्ज द्यायला कुरकुरते, तेव्हा रीतसर वाटप आणि पोटहिस्स्याची मोजणी करून घ्या. मोजणीला शेजाऱ्यांना स्वतः फोन करून बोलवा, सरकारी नोटीस पोचली म्हणून गप्प बसू नका. जमीन गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत आहे का ते तलाठ्याकडे विचारा. आत असेल तर घरासाठी बिनशेतीचं काम बरंच सोपं होऊ शकतं. आजोबांच्या घराची घरपट्टी चालू आहे का? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरचा (घरपट्टीच्या नोंदीतला) घर नंबर मालकीचा पुरावा नाही, पण इथे घर होतं हे तो सांगतो. थकबाकी असेल तर भरून टाका. आणि रस्ता : चिऱ्यांचा ट्रक शेजाऱ्याच्या आवारातून येणार असेल तर त्याची तोंडी ‘हो’ पुरत नाही. लेखी घ्या, नोंदवा.

राहिला प्लॅन. चार बेडरूम कुणासाठी? पत्र वाचून मला तरी वाटतं, वर्षातले अकरा महिने त्या घरात कुणी नसणार. बंद खोलीला ओल धरते, वाळवी लागते, गाद्यांना वास येतो. माझं ऐकाल तर एकमजली बांधा. दोन खोल्या, पण ओटी आणि माजघर एवढं मोठं की पंधरा माणसं आरतीला उभी राहतील आणि रात्री तिथेच अंथरुणं पडतील. एक संडास-बाथरूम बाहेरून उघडणारं ठेवा, आंब्याच्या दिवसांत गड्यांना लागतं. पाऊस पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून मारतो. त्या बाजूला पडवी आणि तीन फुटांचं पागोळीबाहेरचं छप्पर घ्या, तिथे मोठ्या काचेच्या खिडक्या नकोत. वास्तुशास्त्र बघायचं तर बघा, माझी हरकत नाही, पण पश्चिमेची भिंत उघडी ठेवायला सांगणारा वास्तुतज्ज्ञ जुलैत गावी घेऊन या. पुढे खोली वाढवता येईल अशी एक बाजू मोकळी सोडा. पाच भावंडांची मुलं मोठी होतील, त्यांचं त्यांना ठरवू दे.

हे सगळं जुळलं तर पुढच्या दसऱ्याला जोत्याचं काम धरा आणि मेच्या मध्यापर्यंत छप्पर चढवा. छप्पर राहिलं तर भिंती ताडपत्रीखाली पावसाळा काढतात, आणि ठेकेदार गायब होतो.

प्रश्न : दापोलीला घर बांधतोय. मंगळुरी कौलं घालावीत की स्लॅब? घरात दोन मतं आहेत.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : घर बंद राहणार असेल आणि आजूबाजूला माकडं असतील तर नुसती कौलं घालू नका. एका दुपारी टोळी येऊन गेली की पन्नास कौलं फुटलेली असतात, आणि ती फुटलीत हे तुम्हाला पाऊस पडल्यावर कळतं. नुसता स्लॅबही इथे गळतोच, म्हणून तर गावागावांत स्लॅबवर पत्र्याची शेड दिसते. दोन्हीचे पैसे घालायचे असतील तर निदान आधी ठरवून घाला. लोखंडी सांगाड्यावर पत्रा आणि त्यावर कौलं, हा मला पटलेला मार्ग : फुटकं कौल बदलेपर्यंत पत्रा पाणी अडवतो. दापोलीची हवा खारी आहे, सांगाड्याला गंज न धरणारा रंग उभारण्याआधी, जमिनीवर असतानाच मारून घ्या. वर चढवल्यावर सांध्यांमागे ब्रश जात नाही. आणि उतार चांगला तीव्र ठेवा, स्वस्तात पडतो म्हणून छप्पर चपटं करू नका.

प्रश्न : मुळशीकडे एक एजंट ‘१० गुंठे फार्महाऊस प्लॉट’ देतोय. आम्ही शेतकरी नाही. तो म्हणतो, सात-बारावर नाव लागेल, काळजी नको.
(एक वाचक, पुणे)

उत्तर : काळजी हवी. जमीन शेतीची असेल तर कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकत घेता येत नाही. दुसरं, ‘नाव लागेल’ म्हणजे कसं लागेल ते विचारा. अनेकदा पंधरा-वीस अनोळखी माणसांची नावं एकाच सामाईक सात-बारावर चढवतात आणि जागेवर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट दाखवतात. कागदावर तुमचा तुकडा कुठला हे कुठेच लिहिलेलं नसतं. त्याच्याकडे बिनशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि मोजणीचा नकाशा या तीन गोष्टींच्या प्रती मागा. ‘फाईल प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर आलं तर टोकनसुद्धा देऊ नका.