राज्यसभा तहकूब झाली म्हणजे आपल्या कांद्याचा प्रश्न वाया गेला का?

निफाडच्या भाऊंनी विचारलंय ते थोडक्यात असं: कांदा निर्यातीवर राज्यसभेत तारांकित (मंत्र्याने सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचा) प्रश्न लागलाय असा मेसेज गावच्या ग्रुपवर फिरत होता, म्हणून ते अकराला संसद टीव्ही लावून बसले, पाचेक मिनिटांत सभा बारापर्यंत तहकूब, बाराला परत तोच गदारोळ आणि दोनपर्यंत तहकूब, दोनला एक बिल त्या गोंधळातच पास झालं आणि मग थेट उद्यावर. तर आमचा प्रश्न गेला कुठे आणि हे लोक दिवसभर करतात तरी काय? वर दोघातिघांनी "सगळे सारखेच" असं लिहून विषय मिटवलाय, तो एवढ्यात मिटत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. प्रश्न वाया गेलेला नाही. त्या दिवसाच्या यादीत तारांकित म्हणून छापून आलेल्या प्रश्नाचं लेखी उत्तर मंत्रालयाला द्यावंच लागतं, सभागृह चालो न चालो, नंबर येवो न येवो, उत्तर पटलावर ठेवलं असं धरतात आणि पीडीएफ साइटवर येते. संसद डॉट इनवर जा, राज्यसभा निवडा, प्रश्नांच्या भागात तारीख किंवा मंत्रालय टाका. इथे एक घोळ नेहमी होतो, कांदा म्हटलं की लोक कृषी मंत्रालयाखाली शोधतात आणि काही सापडलं नाही की म्हणतात उत्तरच दिलं नाही. अहो निर्यातबंदी आणि एमईपी (किमान निर्यात भाव) वाणिज्य मंत्रालयाकडे, निर्यात शुल्काची अधिसूचना अर्थ मंत्रालयाची, नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांची बफर (राखीव साठ्यासाठीची) खरेदी ग्राहक व्यवहारकडे, आणि लागवड-उत्पादनाचे आकडे तेवढे कृषीकडे. चाळीतला कांदा एकच, पण दिल्लीत त्याचे मालक चार.

दुसरं, पीडीएफ उघडल्यावर लगेच बंद करू नका. हिंदी प्रतीत वर असतं "क्या वाणिज्य और उद्योग मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि", मग क, ख, ग, घ असे प्रश्नाचे तुकडे, आणि खाली मंत्र्यांच्या नावाने एकच ओळ की क ते घ चं विवरण सभापटलावर ठेवलं आहे. बरेच जण इथेच "बघा, उत्तर टाळलं" म्हणून स्क्रीनशॉट मारून मोकळे होतात. विवरण पुढच्या पानावर असतं. त्यातले पहिले दोन परिच्छेद शेतकरी आणि ग्राहक दोघांच्या हिताचे वगैरे, ते डोळे झाकून सोडा, शेवटी परिशिष्ट असेल तर तिथे टेबल असतं, वर्षवार निर्यात, राज्यवार खरेदी, किती टन आणि किती कोटी. मी शेतीमालाच्या बातम्या करायचो तेव्हा मला दिल्लीच्या कुठल्याही सूत्रांपेक्षा त्या टेबलांनी जास्त बातम्या दिल्या.

मग गोंधळात गेलं काय? तर पुरवणी प्रश्न गेले, आणि खरा माल तोच होता. राज्यसभेत प्रश्नोत्तराचा तास दुपारी बारा ते एक असतो (लोकसभेत अकरा ते बारा, राज्यसभेतही पूर्वी अकरालाच असायचा, २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून बाराला नेला कारण अकराचा तास रोज गोंधळात जायचा, आता बाराचाही जातो तो भाग वेगळा). दिवसाला तारांकित प्रश्न पंधरा आणि अतारांकित एकशे साठपर्यंत. अतारांकितला नुसतं लेखी उत्तर. तारांकितची गंमत अशी की सभापती नंबर पुकारतात, मंत्री उठून म्हणतात विवरण पटलावर ठेवलंय, आणि मग प्रश्नकर्त्या खासदाराला पुरवणी प्रश्न विचारता येतात, त्याच्यानंतर बाकीच्यांतल्या काहींनाही. लेखी उत्तर अधिकाऱ्यांनी चार टेबलांवरून फिरवून घोटून गुळगुळीत केलेलं असतं, पण पुरवणी प्रश्न काय येईल ते मंत्र्याला माहीत नसतं, मागे अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठ्या येतात, मंत्री चष्मा वरखाली करतात, कधी "माहिती सन्माननीय सदस्यांना पाठवून देईन" म्हणतात, आणि कधीकधी तोंडून असं काही निघून जातं जे लेखी उत्तरात कुठल्याच अधिकाऱ्याने लिहू दिलं नसतं. बंदी घालायच्या आधी कोणाला विचारलं होतं, बंदरावर अडकलेल्या कंटेनरचं काय, असं समोरासमोर विचारायची तेवढीच जागा. सभा तहकूब झाली की मंत्री त्यातून सुटतो, त्यामुळे गोंधळाचा फायदा विरोधकांनाच होतो असं समजू नका.

दिवसाचं बाकी वेळापत्रक पटकन सांगतो. अकराला आधी श्रद्धांजली वगैरे असेल तर ती, मग कागदपत्रं पटलावर ठेवणं (हे फार भराभर होतं पण कॅगचे अहवाल, वार्षिक अहवाल यातच येतात), मग नियम २६७ च्या नोटिसा. हा २६७ म्हणजे आजचं सगळं काम बाजूला ठेवून आमच्या विषयावर चर्चा घ्या अशी मागणी. २०१६ ला नोटाबंदीवर चर्चा सुरू झाली ती याच नियमाखाली, त्यानंतर मात्र सभापती रोज नोटिसा आल्याचं वाचतात आणि रोज फेटाळतात, आणि त्याच मिनिटाला लोक वेलमध्ये, म्हणजे पीठासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरतात. तुम्ही पाहिलीत ती पाच मिनिटं हीच. त्यातून वाचलं तर बारापर्यंत शून्य प्रहर, म्हणजे खासदारांनी तातडीचे विषय मांडायचे, एकेकाला तीन मिनिटं, वेळ संपली की माइक आपोआप बंद. इथे मराठीत बोलता येतं बरं का, आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांच्या दुभाष्यांची सोय २०१८ पासून आहे, आधी कळवावं लागतं एवढंच, तरी आपले बहुतेक खासदार हिंदीतच बोलतात. एक ते दोन जेवणाची सुट्टी, दोननंतर बिलं. शुक्रवारी दुपारी अडीचनंतर खासगी सदस्यांची बिलं नाहीतर ठराव, तेव्हा सभागृह रिकामं असतं पण भाषणं चांगली होतात, जमलं तर तो वेळ बघा.

आता दोन वाजताचं बिल. सगळ्यात जास्त राग मला याचा येतो. आणि याचं उदाहरण कांद्याशीच जोडलेलं आहे म्हणून नीट सांगतो.

२०२० चं पावसाळी अधिवेशन आठवा, कोरोनातलं. १४ सप्टेंबरला सुरू झालं आणि त्याच दिवशी डीजीएफटीने (वाणिज्य मंत्रालयाच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने) कांदा निर्यातबंदी काढली. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, काढून टाकलेला, फक्त अतारांकितची लेखी उत्तरं. म्हणजे लासलगाव-पिंपळगावला बंदीवरून बोंब चाललेली आणि दिल्लीत मंत्र्याला उभं करून पुरवणी प्रश्न विचारायची सोयच नाही. राज्यसभा तेव्हा सकाळी नऊ ते एक बसायची, अंतरासाठी खासदार दोन्ही सभागृहांत आणि गॅलऱ्यांत विखरून बसवलेले. २० सप्टेंबर, रविवार, दोन कृषी विधेयकांवर चर्चा चालू होती आणि एक वाजत आला. वेळ वाढवायची तर सभागृहाची संमती लागते, विरोधक म्हणाले उरलेलं उद्या घ्या, पीठावर उपसभापती हरिवंश होते त्यांनी कामकाज पुढे चालू ठेवलं. तिथून भडका. नियमांचं पुस्तक नाचवलं गेलं, माइक ओढले गेले, टीव्हीवर आवाज गेला, थोडा वेळ तहकूब, आणि परत बसल्यावर दोन्ही बिलं आवाजी मतदानाने पास.

आवाजी मतदान म्हणजे काय ते नीट बघा. पीठावरून म्हणतात, जे बाजूने आहेत त्यांनी हो म्हणा, जे विरोधात आहेत त्यांनी नाही म्हणा, आणि मग माझ्या मते हो वाल्यांची सरशी. माझ्या मते. पण हे मत सदस्याने आव्हान दिलं की मतविभागणी घ्यायची असते, घंटा वाजते, दारं बंद होतात, प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदलं जातं. त्या दिवशी मतविभागणी मागितली होती आणि दिली नाही. पीठाचं म्हणणं असं की मागणी आपापल्या जागेवरून शिस्तीत करायची असते आणि सभागृहात तशी परिस्थिती नव्हती, विरोधकांचं म्हणणं आम्ही जागेवरूनच मागत होतो. कोण खरं यावर वाद घालून पाच वर्षांवर झाली, पण परिणाम असा की त्या दोन बिलांवर महाराष्ट्राच्या एकोणीस खासदारांपैकी कोणी कुठे मत टाकलं याची एका ओळीचीही नोंद नाही. नाव नाही तर जाब कोणाला विचारणार?

दुसऱ्या दिवशी आठ खासदार उरलेल्या अधिवेशनासाठी निलंबित, त्यात आपले राजीव सातव होते. ते आठही जण संसदेच्या आवारात गांधी पुतळ्याजवळ हिरवळीवर रात्रभर बसले, सकाळी हरिवंश स्वतः चहा घेऊन गेले, पवारसाहेबांनी एक दिवस अन्नत्याग केला, टीव्हीला हे सगळं आवडलं. पण त्याच २२ तारखेला, विरोधक बहिष्कारावर असताना, राज्यसभेने साडेतीन तासांत सात बिलं पास केली आणि त्यातलं एक अत्यावश्यक वस्तू कायद्यातल्या दुरुस्तीचं होतं, म्हणजे कांदा-बटाटा-डाळी फक्त असाधारण परिस्थितीतच नियंत्रणाखाली येतील असं सांगणारं. वरून निर्यातबंदी चालू आणि आत कांदा मोकळा करायचं बिल, आठ दिवसांच्या अंतराने. आणि ती मोकळीक किती टिकली? फळं-भाज्यांसाठी किरकोळ भाव दुप्पट झाले तर साठा मर्यादा लावता येईल अशी अट त्या कायद्यातच होती, २३ ऑक्टोबरला ती वापरून घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळला २ टनाची मर्यादा आली, आणि आपल्याकडे व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. ही अट काय भानगड आहे, निर्यातबंदीशी तिचा मेळ कसा बसतो, हे त्या दिवशी खोदून विचारायला समोर कोणी नव्हतंच. पुढे २९ नोव्हेंबर २०२१ ला हे कृषी कायदे मागे घेतले ते बिलही चर्चेशिवाय, दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी. आणताना चर्चा अर्धवट आणि नेताना चर्चाच नाही.

आता कोणी म्हणेल राज्यसभेत कधी धड कामच होत नाही, तसंही नाही. महिला आरक्षणाचं बिल २१ सप्टेंबर २०२३ ला २१४ विरुद्ध शून्य. वक्फचं बिल एप्रिल २०२५ मध्ये, मध्यरात्र उलटून गेल्यावर, १२८ विरुद्ध ९५. तुमचं त्या बिलाबद्दल काही मत असो, तासन् तास चर्चा झाली, दुरुस्त्यांवर मतदान झालं, सगळं नोंदीत आहे. माझा निकष एवढाच आहे. आवाज किती झाला ते मी मोजत नाही, मतविभागणीची यादी निघाली का ते बघतो. उलट २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ऑनलाइन गेमिंगचं बिल २० ऑगस्टला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत गोंधळातच पास झालं, आपल्या पोरांना ते कळलं क्रिकेट टीमच्या जर्सीवरचं ड्रीम११ चं नाव गेल्यावर.

भाऊंनी शेवटी असंही विचारलंय की "आमचा" राज्यसभा खासदार कोण. तसा जिल्ह्याचा कोणी नसतो, एकोणीसही जण अख्ख्या महाराष्ट्राचे आणि त्यांना आमदार निवडतात. (नाशिकचं माणूस तिथे जातच नाही असं नाही, दादासाहेब गायकवाड १९६२ ते ६८ राज्यसभेत होते.) आपल्या आमदाराचं मत किती मोलाचं असतं ते जून २०२२ ला दिसलं, सहा जागांना सात उमेदवार, पहाटेपर्यंत मोजणी रखडली आणि आपल्या नांदगावचे सुहास कांदे यांचं मत निवडणूक आयोगाने बाद केलं, मतपत्रिका दाखवण्याच्या नियमावरून. या निवडणुकीत मत गुप्त नसतं, आपल्याच पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून टाकावं लागतं, २००३ च्या दुरुस्तीपासून.

त्यामुळे पत्र लिहायचं तर एकोणिसांपैकी कोणालाही लिहा, पक्ष बघू नका, प्रश्न विचारायची ज्याला सवय आहे तो बघा, साइटवर खासदाराचं नाव टाकलं की त्याचे सगळे प्रश्न दिसतात. नोटीस किमान पंधरा दिवस आधी लागते, मंत्रालयांचे वार ठरलेले असतात, आणि कोणत्या मंत्रालयाचा कोणता वार हे अधिवेशनाआधी बुलेटिनच्या भाग दोनमध्ये येतं, म्हणजे अधिवेशन सुरू झाल्यावर पत्र पाठवलं तर पहिले दोन आठवडे तर गेलेच. आणि "कांद्यासाठी सरकार काय करत आहे" असा प्रश्न पाठवू नका, त्याला शेतकरी-ग्राहक समतोलाचं तेच उत्तर येईल. असं विचारा: या हंगामात नाफेडने आणि एनसीसीएफने नाशिक जिल्ह्यात कोणत्या संस्थांमार्फत किती क्विंटल कांदा घेतला, सरासरी काय भावाने, शेतकऱ्याच्या खात्यावर पैसे किती दिवसांत गेले, आणि घेतलेल्यातला किती सडला. हा ग्राहक व्यवहार मंत्रालयाचा प्रश्न आहे, कृषीकडे पाठवला तर फिरून यायला वेळ जाईल. मसुदा करून इथे टाका, क-ख-ग मध्ये बसवून देतो.